वांशिक सलोख्याच्या मेळाव्यांसाठी आवाहन : वेळ द्या, निधी द्या आणि स्वतः या

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी डॉ. मार्टिन लूथर किंग ज्युनियर यांच्या नावाची सुट्टी असते, हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा मंगळवार २०१७ पासून वांशिक जखमा भरून काढण्याचा दिवस म्हणून पाळला जातो. केलॉग फाउंडेशन या इथल्या धर्मादाय संस्थेने हा दिवस सुरू केला. त्या निमित्ताने ठिकठिकाणी ग्रंथालयांत, शाळांत, चर्चमध्ये वेगवेगळ्या वंशांची माणसं एकत्र बसतात आणि एकमेकांचं ऐकून घेतात. आपल्या उपनगरातली काही मराठी कुटुंबं आणि शिकागोच्या दक्षिण भागातलं कृष्णवर्णीय वस्तीतलं एक चर्च मिळून असे मेळावे भरवतात. येत्या वर्षात सहा मेळावे घ्यायचं ठरलं आहे. त्यासाठी पैसे हवेत, पण त्याहूनही माणसं जास्त हवी आहेत.

‘गोऱ्यांचा आणि काळ्यांचा तो जुना हिशेब, आपण मध्ये कशाला?’ असं आपल्यातले बरेच जण विचारतात. प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

पंजाबातून इथे आलेले भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होते. तरीही १९२३ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. १९४६ साली कायदा थोडा सैल झाला, तोही किती, तर भारतातून वर्षाला जेमतेम १०० माणसं. आपल्यातल्या बहुतेकांना ज्या दारातून आत येता आलं, ते उघडलं १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्याने. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि १९६५ चा मतदान हक्काचा कायदा झाला, त्याच दोन वर्षांतला हा तिसरा कायदा. नागरी हक्कांसाठी अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर ज्या पोरांनी पोलिसांचे कुत्रे आणि पाण्याचे फवारे अंगावर घेतले, त्यांनी देशाचं मन वळवलं नसतं, तर कुठल्या देशातून किती जणांना येऊ द्यायचं हे ठरवणारा, वंशावर बेतलेला कोटा असा सहजी गेला नसता. आपली पदवी, आपली मेहनत खरीच आहे. पण ज्या रस्त्याने आपण आलो, तो आधी कुणीतरी रक्त सांडून मोकळा केला होता.

आणि हे नातं आपल्याकडच्या थोर माणसांनी फार पूर्वी ओळखलं होतं. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली इथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. इथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं बाबासाहेबांच्या वाचनात आलं होतं आणि त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. मराठी माणसाला हा विषय परका मुळीच नाही.

आता मेळाव्यात नेमकं काय होतं ते सांगतो. भाषण नसतं, व्यासपीठ नसतं, वादविवाद तर नसतोच. दहा-बारा खुर्च्यांचं एक वर्तुळ, अशी चार-पाच वर्तुळं. प्रत्येकात एक वस्तू हातोहात फिरते. आमच्याकडे चर्चच्या स्वयंपाकघरातला एक जुना लाकडी डाव आहे. डाव ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. बोलावंसं वाटलं नाही तर डाव पुढे सरकवायचा, त्यात काही कमीपणा नाही. ही रीत या भूमीतल्या मूळनिवासी जमातींकडून आली आहे. बोलणाऱ्याच्या परवानगीशिवाय इथलं बोलणं बाहेर जात नाही. पुढचा प्रसंग त्या दोघांना विचारूनच लिहीत आहे.

एका मेळाव्याला सत्तरी ओलांडलेल्या एक आजी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या होत्या. डब्यात पावत्या होत्या, रबराच्या तुकड्याने बांधलेल्या, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यांच्या वडिलांनी पन्नासच्या दशकात शिकागोच्या पश्चिम भागात, वेस्ट साइडला घर घेतलं ते ‘कॉन्ट्रॅक्ट’वर. त्या काळी कृष्णवर्णीय वस्ती सरकारी नकाशांत लाल रंगवलेली असे आणि लाल भागात बँका कर्ज देत नसत. मग घर घ्यायचं ते दलालाकडून, कितीतरी चढ्या भावाने, महिन्याच्या हप्त्यावर. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर दलालाच्याच नावावर. एक हप्ता चुकला तरी घर गेलं आणि भरलेले सगळे पैसेही गेले. आजींचे वडील आजारी पडले, दोन हप्ते थकले, घर गेलं. अकरा वर्षांच्या पावत्या तेवढ्या उरल्या. शिकागोत अशी हजारो घरं गेली. १९६८ मध्ये वेस्ट साइडच्याच लॉनडेल वस्तीतल्या लोकांनी संघटना बांधून हप्ते रोखून धरले, तेव्हा कुठे काहींना न्याय मिळाला.

डाव फिरत फिरत आपल्यातल्या एका काकांकडे आला. वयाने ते आजींच्याच बरोबरीचे. ते म्हणाले, मी १९७८ साली घर घेतलं, या देशात येऊन तीन वर्षं झाली होती, बँकेच्या मॅनेजरने उठून हात मिळवला होता. आपण कष्ट केले म्हणून ते झालं, असंच मी मुलांना सांगत आलो. तुमचे वडीलही तितकेच कष्ट करत होते. एवढं बोलून त्यांनी डाव पुढे दिला. जेवणाच्या सुट्टीत दोघं एका टेबलाशी बसून पावत्या एकेक करून बघत होते. पन्नास पुस्तकं वाचून जे डोक्यात शिरलं नसतं, ते त्या टेबलाशी शिरलं, असं आम्हाला वाटतं.

आपल्या घरांत काय बोललं जातं, तेही या वर्तुळांत निघतं. ‘त्या भागात गाडी थांबवू नकोस.’ ‘कोणाशीही लग्न कर, फक्त तेवढं नको.’ आपली मुलं हे ऐकत मोठी झाली आहेत आणि ती आता आपल्याच तोंडावर विचारतात. एकदा आपल्यातल्याच एका ताईंनी सांगितलं की इथल्या मराठी घरांत आडनाव ऐकल्यावर गाव कुठलं, घराणं कुठलं अशी चौकशी सुरू होते, तेव्हा त्या अजूनही अंग चोरतात. हे त्यांनी वीस वर्षांत आपल्या एकाही कार्यक्रमात सांगितलं नव्हतं. त्या चर्चमधल्या अनोळखी माणसांसमोर सांगता आलं. याचा आपण विचार करायला हवा.

जुलैचा मेळावा तळ्याकाठी होईल. २७ जुलै १९१९ रोजी यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मिशिगन तळ्यात तराफ्यावर खेळत होता. २९व्या रस्त्याजवळ पाण्यात कुठेही न आखलेली, पण सगळ्यांना माहीत असलेली एक सीमा होती. तराफा वाहत तिच्यापलीकडे गेला, किनाऱ्यावरून एका गोऱ्या माणसाने दगड मारले, मुलगा बुडाला. दगड मारणाऱ्याला पोलिसाने पकडलं नाही. त्यानंतर आठवडाभर शिकागो पेटलं : ३८ माणसं मेली, २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरी, सुमारे हजार कृष्णवर्णीय कुटुंबं बेघर झाली. आपण दर उन्हाळ्यात पाहुण्यांना तळं दाखवायला नेतो. येत्या वर्षी एकदा यूजीनच्या आठवणीसाठी त्या किनाऱ्यावर जाऊ.

आता खर्चाचं. एका मेळाव्याला साधारण १,५०० डॉलर लागतात : वर्तुळं चालवणाऱ्या दोन अनुभवी व्यक्तींचं मानधन ७००, सभागृहाची साफसफाई आणि हीटिंग २५०, लहान मुलं सांभाळणाऱ्यांचे २००, आणि गाडी नसलेल्या ज्येष्ठांना ने-आण करणाऱ्या व्हॅनचे ३५०. सहा मेळाव्यांचे ९,००० आणि जुलैच्या बसचे १,२०० मिळून १०,२०० डॉलर. आजवर ३,६०० जमले आहेत, ६,६०० कमी पडतात.

मानधन कशाला, सेवाभावाने कुणी करणार नाही का, असं विचारलं जातं. दुसऱ्याच्या दुःखाचं ऐकणं नीट सांभाळायला शिक्षण आणि सराव लागतो. शिवाय ज्या समाजाकडून शतकानुशतकं फुकट राबवून घेतलं, त्याच समाजातल्या माणसाला ‘आम्हाला समजावून सांगा, तेही फुकट’ म्हणणं बरं नव्हे. या रकमेत काटछाट करायची नाही, हे समितीत एकमताने ठरलं आहे.

५० डॉलरही चालतील, ५०० दिले तर एका व्हॅनची आणि मुलांच्या खोलीची जवळपास सोय होते. देणगी धर्मादाय संस्थांसाठीच्या ५०१(सी)(३) या करकलमाखाली करसवलतीला पात्र आहे. पोच प्रत्येकाला मिळेल, आणि २५० किंवा त्याहून जास्त देणाऱ्यांनी ती कर भरताना हाताशी ठेवावी. तुमची कंपनी देणगीइतकीच रक्कम घालत असेल, तर तो अर्ज तेवढा आठवणीने भरा. दोन मिनिटांचं काम असतं आणि नेमकं तेच राहून जातं.

हातांचीही गरज आहे. प्रत्येक वेळी साठ-सत्तर जणांचं जेवण होतं; निम्मं चर्चची मंडळी करतात, निम्मं आपण. जाणत्या सुगरणी हव्यात, तसे भांडी घासणारेही हवेत. व्हॅन चालवायला स्वच्छ लायसन्स असलेले चार जण हवेत. हायस्कूलची मुलं लहानग्यांच्या खोलीत मदत करू शकतात, त्यांच्या सेवा-तासांचं पत्र आम्ही देऊ. आजी-आजोबांनी इंग्रजीची काळजी करू नये. शेजारी बसून भाषांतर करणारं कुणीतरी असेल. दोन्ही भाषा येणाऱ्यांनी या कामासाठी जरूर नाव द्यावं.

एक विनंती मात्र कळकळीची. नुसता चेक देऊन थांबू नका. वर्षातून एकदा तरी खुर्चीवर येऊन बसा, शक्य असेल तर घरातल्या तरुण मुलाला किंवा मुलीला घेऊन. गेल्या वेळी चर्चकडून पस्तीस जण आले, आपल्याकडून चौदा. मेळावा दोघांनी मिळून भरवायचा आणि खुर्च्या मात्र एकाच बाजूने भरायच्या, हे आपल्या रीतीला शोभत नाही.

पहिला मेळावा जानेवारीतल्या त्याच मंगळवारी संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत आहे. नावं आणि देणग्या १५ डिसेंबरपर्यंत मेळावा समितीच्या कुणाही सदस्याकडे द्याव्यात. नाव देताना किती जण येणार, व्हॅन लागेल का आणि लहान मूल बरोबर आहे का, एवढं नक्की कळवा.

आपली,
मेळावा समिती