ही भेग कुणाची?

गिरगाव, मुंबई
नोव्हेंबर २०२५

प्रिय विनू,

एवढ्या चाळी वर उभ्या असताना खाली मेट्रोचं स्टेशन खणलंत कसं, असं विचारलंयस. ऑक्टोबरपासून कफ परेडपर्यंत गाडी धावतेय, आता मला सवड आहे.

मेट्रो ३ ची २७ पैकी २६ स्टेशनं जमिनीखाली. बरीचशी वरून खड्डा काढून बांधली. आपल्या जगन्नाथ शंकरशेठ रोडवर ते कुठलं जमायला? दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की शिव्या सुरू! म्हणून गिरगाव आणि काळबादेवीला काही इमारती पाडून त्या जागी शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखे खोल खड्डे, उतरवले आणि तळातून रस्त्याखाली आडवं खणत गेले. एनएटीएम (न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड) म्हणतात त्याला. थोडा खडक फोडायचा, लगेच शॉटक्रीट, म्हणजे दाबाने फवारलेलं काँक्रीट, मारायचं, खडक धरून ठेवायला रॉक बोल्ट, म्हणजे पोलादी दांडे, ठोकायचे, बोगदा किती दबला ते मोजायचं, मगच पुढे. (नाना शंकरशेठांच्या नावाचा रस्ता इथे आणि त्यांच्या नावाचं स्टेशन मुंबई सेंट्रलला, याची मला अजून गंमत वाटते.)

खडकाची तशी भीती नव्हती, भीती पाण्याची. बोगद्यात झिरपा सुरू झाला की वरच्या भरावातलं पाणी उतरतं, माती दबते आणि जुन्या भिंती तिच्यामागे खचतात.

माझं काम वरचं, मॉनिटरिंगचं. खणण्याआधी प्रत्येक इमारतीचा सर्व्हे. जिन्यात, मोरीत, माळ्यावर चढून एकेका भेगेचा फोटो, शेजारी पट्टी धरून. मग निवडक भेगांवर रुंदी मोजणारे क्रॅकमीटर, भिंतींवर कल मोजणारे टिल्टमीटर. एका आजींच्या स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीमागे, बोटभर रुंद भेग निघाली. मी फोटो काढतोय तर म्हणाल्या, "ही आमची हो. मी लग्न होऊन आले तेव्हापासूनची. तुमच्या मेट्रोच्या नावावर नाही घालायची." पुढे मी रीडिंग घ्यायला गेलो की त्याच आधी विचारायच्या, "काल किती होतं?"

त्यांच्या शेजारच्या काकांचा खाक्या उलटा. पावसात फुगलेलं प्लॅस्टरसुद्धा आमच्या खात्यात! मला त्यांचा राग आला नाही. रात्री कपाटातली भांडी थरथरायला लागल्यावर जुने फोटो कोण बघत बसतो? आणि काही मिलिमीटरच्या हालचालीने काही होत नाही, हे त्यांना पटवून द्यायला माझ्याकडे आलेख सोडून होतं काय?

खरी किंमत मोजली ती ज्यांच्या इमारती गेल्या त्यांनी. इथेच नव्या इमारतीत घर द्यायचं ठरलं खरं, पण वर्षानुवर्षं भाड्याच्या खोलीत काढायची म्हणजे मुलांच्या शाळा, म्हाताऱ्यांचे डॉक्टर, सगळंच हललं. त्यावर बसवायला आमच्याकडे मीटर नव्हता.

येशील तेव्हा टॅक्सी करू नकोस. विमानतळाच्या टी-२ ला मेट्रोत बस, थेट गिरगावला उतर. खाली फोनला रेंज मिळेलच असं नाही, तेव्हा गाडीत बसायच्या आधीच कळव. मी वर थांबतो.

तुझा,
नंदू