बालशिक्षणाची पदवी घेणाऱ्यांसाठी आधी पदे निर्माण करा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की आमच्या भागातल्या मुली पुढच्या प्रवेशाची चौकशी करायला शाळेत येतात. पूर्वी त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, डी.एड.ला जाऊ का? अलीकडे त्यात चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक पदवीची (पदवी आणि शिक्षक-प्रशिक्षण एकत्रच) भर पडली आहे, आणि एखादी मुलगी त्यातला ‘पायाभूत स्तर’च निवडायचा म्हणते. म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलांना शिकवण्याची विद्यापीठाची पदवी. अशा मुलीचे मला फार कौतुक वाटते. पण ती पदवी घेऊन बाहेर पडल्यावर तिला अंगणवाडीत शिक्षिकेचे वेतनश्रेणीचे पद मिळेल का, या तिच्या वडिलांच्या प्रश्नाला माझ्याकडे ‘नाही’ एवढेच उत्तर आहे. ते बदलावे, म्हणून हे पत्र.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेची रचना ५+३+३+४ अशी केली. त्यातली पहिली पाच वर्षे म्हणजे बालवाडी-अंगणवाडीची तीन आणि पहिली-दुसरीची दोन. या सलग टप्प्यासाठी वेगळा शिक्षक घडवायचा, असे ठरले. ऑक्टोबर २०२१ मध्ये चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाची अधिसूचना निघाली आणि २०२३-२४ पासून देशातल्या निवडक संस्थांत तो सुरू झाला. प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते. २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. हीच शिक्षकाची किमान पात्रता व्हावी, असे धोरणातच लिहिले आहे. तीन वर्षांच्या मुलापुढे उभ्या राहणाऱ्या माणसालाही विद्यापीठीय शिक्षण लागते, हे या देशाने प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य केले. माझ्या मते त्या धोरणातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे.

तरीही गावात एक प्रश्न हटकून येतो. “लहान मुलांना शिकवायला पदवी कशाला? अ आ इ आणि एक ते शंभर तर कोणीही शिकवेल.” हा प्रश्न विचारणारी माणसे वाईट नसतात. लहान मूल शिकते म्हणजे नेमके काय होते, ते त्यांना कोणी कधी दाखवलेलेच नसते.

पहिलीत येणारी कितीतरी मुले शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणतात. त्यांच्यापुढे सात चिंचोके ठेवा आणि मोजायला सांगा. कोणी एकच चिंचोका दोनदा मोजतो, कोणाचे बोट पुढे जाते आणि तोंड मागे राहते. तेच चिंचोके जरा लांब लांब मांडले की काही मुले सांगतात, आता जास्त झाले. पाठांतर झाले आहे, पण संख्या अजून समजलेली नाही, हे ज्या शिक्षिकेला दिसते ती बेरजेकडे धावत नाही. ती मुलाला आणखी चार आठवडे बिया, काड्या, खडे हाताळू देते. जिला दिसत नाही ती वहीत बेरजा देते, मूल बोटांवर अंदाज करत राहते आणि चौथीत गेल्यावर ‘गणितात कच्चे’ ठरते.

भाषेचे तर त्याहून नाजूक आहे. आमच्याकडे घरी वारली किंवा कोकणा बोलणारी मुले येतात. मेळघाटात कोरकू बोलणारी असतात, तांड्यावर गोरमाटी. पुस्तकातली मराठी त्यांना पहिल्या दिवशी परक्यासारखीच असते. मूल गप्प बसते आणि आपण समजतो की त्याला काही येत नाही. त्याच मुलाला त्याच्या बोलीत गोष्ट सांगू दिली, तर ते थांबता थांबत नाही. त्या बोलीपासून शाळेच्या मराठीपर्यंत मुलाला कसे आणायचे, काना-मात्रा-वेलांटी कोणत्या क्रमाने पुढे आणायची, जोडाक्षराची घाई का करायची नाही, बोटांचे स्नायू तयार नसताना पेन्सिल हातात दिली तर काय होते, शेजाऱ्याच्या पाटीत बघून लिहिणारे मूल खोडकर आहे की त्याला फळाच दिसत नाही, या सगळ्याला अभ्यास लागतो. मुलांचे लांबून निरीक्षण करून नोंदी ठेवाव्या लागतात, त्या जाणत्या माणसापुढे मांडून चर्चा करावी लागते. माया हवीच, पण मायेच्या जोरावर हे येत नाही.

आमच्या वेळच्या डी.एड.ने मला पुष्कळ दिले. सूक्ष्म अध्यापन, पाठ टाचण, सराव पाठ, आंतरवासिता (शाळेत राहून प्रत्यक्ष कामाचा अनुभव), हे सगळे आजही उपयोगी पडते. पण तीन ते सहा वयाची मुले त्यात जवळजवळ नव्हतीच. तिथे शिकवणे म्हणजे पाठ घेणे असे होते, आणि चार वर्षांच्या मुलाचा तर पाठ घेता येत नाही. त्याच्यासाठी खेळ मांडावा लागतो आणि मांडल्यावर बाजूला बसून पाहावे लागते. ती शिस्त दोन वर्षांच्या घाईत अंगी बाणत नाही. दिल्ली विद्यापीठाने १९९४ मध्ये बारावीनंतरची चार वर्षांची बी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदवी सुरू केली ती याच विचाराने. बालविकास, भाषा, गणित यांच्या बरोबरीने तिथे नाट्य आणि हस्तकला आहे, मुलांचे निरीक्षण आहे आणि चौथ्या वर्षी शाळेत दीर्घ मुक्काम आहे. प्राथमिक शिक्षिकेला असेही घडवता येते, याचा तो नमुना आहे.

आणि महाराष्ट्राला हे बाहेरून शिकायची गरजच नव्हती. राजकोटच्या स्त्री-अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांच्या कामात गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरवली. महागड्या परदेशी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने वापरली. त्याच वेळी बालशिक्षिका घडवण्याचे वर्गही चालवले. एक पदवीधर बाई प्राचार्यपद सोडून तीन-चार वर्षांच्या मुलांत जाऊन बसते, ही गोष्ट मी आमच्या मुलींना आवर्जून सांगते. उच्च शिक्षण घेतलेल्या माणसाने लहान मुलांकडे जाणे ही पायरी उतरणे नव्हे, हे त्यांना कळले पाहिजे.

आता व्यवस्थेकडे बघू. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ विकास गटांत सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. ती महिला व बालविकास विभागाकडे आहे. पहिलीपासूनची शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आहे. धोरणाने तीन ते आठ वर्षे एका टप्प्यात बांधली, पण मूल सहा वर्षांचे झाले की आजही त्याचा विभाग बदलतो. अंगणवाडी सेविकेला वेतन नाही, मानधन आहे. त्यातला केंद्राचा भाग २०१८ मध्ये ३००० वरून ४५०० रुपये झाला, वर राज्य आपली भर घालते. सेविकांना उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्याचा हक्क आहे, हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागले. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तेव्हाही मागणी हीच होती की आम्हाला कर्मचारी म्हणा. वजने, आहार, लसीकरणाचे निरोप, गरोदर मातांच्या गृहभेटी, मोबाइलवरच्या नोंदी, रजिस्टरे, हे सगळे उरकून त्यांच्यातल्या कितीतरी जणी मुलांसाठी गाणी-गोष्टींचा तास काढतात. माझ्या शाळेत येणाऱ्या मुलांवर त्यांचे काम मला रोज दिसते. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे, आणि पुढची मागणी त्यांच्या विरोधात नाही.

मागणी अशी. प्रत्येक अंगणवाडीला सेविका आणि मदतनीस यांच्याशिवाय पायाभूत स्तराच्या शिक्षिकेचे एक पद असावे, प्राथमिक शिक्षकाच्याच वेतनश्रेणीचे. पैशाअभावी एकदम सगळीकडे जमत नसेल तर आदिवासी तालुक्यांपासून सुरुवात करा, पण पद मंजूर करून करा, कंत्राटावर नको. ज्या सेविका आज बारावी आहेत आणि शिकू इच्छितात, त्यांना मानधन चालू ठेवून पदवीची वाट मोकळी करा. वीस-वीस वर्षे मुलांत काढलेल्या बाईला त्या पदासाठी पहिला मान मिळाला पाहिजे. शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी आहे, त्याखालच्या वयाच्या शिक्षिकेसाठी परीक्षाच नाही. तीही हवी, आणि ती पाठ केलेल्या व्याख्यांची नको. पदवीची आंतरवासिता शहरातल्या चकचकीत केजीत उरकू नये. पाड्यावरच्या अंगणवाडीत आणि एकशिक्षकी शाळेच्या पहिलीत सलग काही महिने घालवल्याशिवाय ही पदवी हाती पडू नये.

राहिला मराठीचा प्रश्न. प्रवेश परीक्षा मराठीत देऊन आत गेलेल्या मुलीला पुढची चार वर्षे वाचायला मराठीत काय मिळते? बालविकासावरची चांगली, ताजी पुस्तके मराठीत आणणे हे विद्यापीठांचे काम आहे. जिला उद्या मराठीत आणि मुलांच्या बोलीत काम करायचे आहे, तिने मुलांविषयी सगळे इंग्रजीतूनच वाचावे हे बरोबर नाही.

हे सगळे आताच लिहिण्याचे कारण म्हणजे डी.एड.चा अनुभव. गेल्या दशकांत गल्लोगल्ली डी.एड. महाविद्यालये निघाली. आईबापांनी जमिनी गहाण टाकून मुलांना शिकवले, आणि मग भरती वर्षानुवर्षे थांबली. शिक्षक होण्याची मनापासून इच्छा असलेली माणसे दुकानांत आणि कारखान्यांत कामाला लागली. महाविद्यालये ओस पडून बंद झाली. अभ्यासक्रम आधी आणि पदांचा विचार नंतर, या उलट्या क्रमाची किंमत एका पिढीने मोजली आहे. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी पदवीनंतरची बी.एड. ही पात्रता ग्राह्य नाही, असा निकाल दिला. लहान मुलांना शिकवण्याचे कौशल्य वेगळे आहे, हे त्यातून अधोरेखित झाले. मग ते कौशल्य चार वर्षे खपून शिकणाऱ्या मुलींना सरकारनेही वाऱ्यावर सोडू नये.

२०२३-२४ मध्ये या अभ्यासक्रमाला बसलेली पहिली तुकडी २०२७ मध्ये बाहेर पडते. त्याआधी महिला व बालविकास आणि शालेय शिक्षण या दोन्ही विभागांच्या मंत्र्यांनी एकत्र बसून पदांचा आकृतिबंध, वेतनश्रेणी आणि भरतीचे नियम जाहीर करावेत, आणि त्यासाठी येत्या अर्थसंकल्पात तरतूद करावी, अशी माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपली नम्र,
जिल्हा परिषद शाळेतील एक प्राथमिक शिक्षिका, जि. पालघर
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)