चांदीच्या तोंडून

कोल्हापूर, गुरुवार रात्र

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचे बाड मंगळवारी मिळाले आणि काल रात्री एका बैठकीत वाचून संपवले. रविवारी फोनवर ‘म्हशीने सांगितलेली गोष्ट कोण वाचणार’ असे मी बोलून गेलो. जिथे रेड्यामुखी वेद ऐकल्याचे लोक श्रद्धेने सांगतात, तिथल्या माणसाने तरी असे बोलायला नको होते. तुझ्या राजीनाम्याविषयी या पत्रात एक अक्षरही लिहायचे नाही, असे ठरवूनच बसलो आहे.

आक्का सांगायची ती नंदीची गोष्ट तू छान उचललीस. नंदी रोज गव्हाएवढा पुढे आणि तांदळाएवढा मागे सरकतो, तो रंकाळ्याला पोहोचला की जगबुडी; आणि तो फरक मोजत रवंथ करणारी आपली चांदी! मी एकटाच हसत बसलो होतो. पण पशुसंवर्धन खात्यात ३१ वर्षे काढलेल्या माणसाला काही गोष्टी खटकणारच. चांदीला कंदिलाची लाल काच लाल दिसणार नाही, कारण गुरांना तांबडा रंग आपल्यासारखा कळत नाही. तिला आधी रॉकेलचा वास येईल. तिला दोन्ही बाजूंचे आणि बरेचसे मागचेही दिसते, मात्र नाकाच्या अगदी पुढचे दिसत नाही, तेव्हा बंडू तिच्या तोंडासमोर उभा राहून ज्या खुणा करतो त्या फुकट जातात. आणि पन्हाळ्याच्या अंधारबावडीत ती उतरते कशी? पंढरपुरी म्हैस ती, शिंगे खांद्यामागे गेलेली. पहिल्याच अरुंद जागी अडकेल. नंदी चालतो यावर मुले विश्वास ठेवतील, पण म्हैस म्हशीसारखी वागली नाही तर लगेच पकडतील. हिशेबात एका रुपयाची चूक न खपवणारी तू, बँकेतली ती कायम नोकरी... असो. राजीनामा मागे घेण्याची मुदत असते का, एवढेच विचारायचे होते. रागावू नकोस, निवृत्त माणसाला शिकवण्याची खोड लागते.

पुराचे प्रकरण मात्र मी दोनदा वाचले. तिथे चांदी गोठ्याबाहेर जात नाही. तिला जे ऐकू येते, जे खुरांना लागते, तेवढेच सांगते. त्या प्रकरणातला धनी दावे न सोडता निघून जातो. नाव तू बदललेस, तरी तो धनी कोण हे मला कळले. २००५ च्या त्या पावसाळ्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली होती आणि मी चिखलीच्या बाजूला घरोघर फिरून ‘आधी जनावरे मोकळी करा’ असे ओरडत होतो. आपला गोठा मात्र तसाच राहिला. अंबाडीचे दावे भिजून फुगले की त्याची गाठ सुटत नाही. आक्काने छातीभर पाण्यात उभे राहून ते विळ्याने कापले आणि सात वर्षांची तू माडीच्या खिडकीतून बघत होतीस. तिसऱ्या दिवशी चांदी परतली, तेव्हा गळ्यात वीतभर दावे लोंबत होते. तू मला कधी काही विचारले नाहीस आणि मीही विषय काढला नाही. आता म्हशीच्या तोंडून विचारलेस, ते बरे केलेस. तिने धन्याला एका शब्दानेही दोष दिलेला नाही, हे मला फार लागले. अशी वाक्ये माझ्या मुलीने लिहिली, हे मी शेजारी दोघांना सांगून आलो. राजीनाम्याचे सांगितले नाही.

बाडावर पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, पटतील तेवढ्याच घे. पुराच्या प्रकरणाला हात लावलेला नाही. ‘आंबोण’ सगळीकडे अंबोण झाले आहे, तेवढे सुधार. शनिवारी दादाबरोबर बाड आणि शेंगदाण्याची चटणी पाठवतो. भविष्य निर्वाह निधीचा अर्ज भरलास का, ते त्याच्याजवळ सांग. मला सांगितले नाहीस तरी चालेल.

तुझे,
आप्पा