काचेचं तुला नाही विचारायचं तर कुणाला?

नाशिक, सोमवार

प्रिय सुध्या,

मनूच्या साखरपुड्याला तू आला नाहीस, त्याचा हिशेब समोरासमोर करू. तब्येत ठीक. गुडघा बोंबलतोय, साखर आटोक्यात. पत्र लिहायचं कारण इथं कुणाला सांगितलं तर हसतील. मला वाईनसाठी काचेचं एक देखणं भांडं घ्यायचंय आणि त्यापायी घरात दोन तट पडलेत.

रविवारी व्याहीभोजन आहे. व्याही दिंडोरीकडचे बागायतदार. खायच्या द्राक्षांबरोबर त्यांनी थोडी शिराझ, म्हणजे लाल वाईनची द्राक्षं, लावलीय, एका वायनरीशी करार आहे. साखरपुड्यालाच त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन हातात बाटली ठेवली आणि लेबलावर बोट ठेवून म्हणाले, “ही आपली.” आता त्या बाटलीत त्यांचे मणी किती आणि शेजारच्या बागेतले किती, देव जाणे. पण माणूस असा फुलला होता की मी म्हटलं, रविवारी आमच्याकडे हीच उघडू.

घरी आल्यावर नलूने एकच विचारलं, “आणि आई?” आईचं शहाऐंशी चालू आहे, पण टेबलावरची बाटली तिला स्वयंपाकघरातून दिसते. मग मनूनेच तोड काढली: बाटली नकोच, कॅराफमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतून ठेवू, लाल सरबतासारखं दिसेल. (परवाना खणात आहे, काळजी करू नकोस. १९४९च्या दारूबंदी कायद्याचा मान राखणारा आपल्या बॅचमध्ये मीच एकटा.)

म्हणून दुकानं पालथी घातली. एकात बदकाच्या आकाराचं, एकात वेटोळं घातलेल्या नागासारखं. नलू नागावर भाळली. मी विचारलं, “हे आतून धुणार कोण?” दुकानदार म्हणाला, “साहेब, बारीक स्टीलच्या गोळ्या मिळतात, आत घालून फिरवायच्या.” म्हणजे भांडं घ्या, वर गोळ्या घ्या. साबण चालत नाही, वास राहतो. नुसतं कोमट पाणी, आणि उलटं टांगून वाळवणं. त्या नागातलं पाणी मनूच्या बारशापर्यंत, म्हणजे तिच्या मुलाच्या, वाळणार नाही. आई म्हणाली, “मूठभर तांदूळ घालून खळखळव, हॉर्लिक्सच्या बाटल्या मी तशाच धुवायची.” भांडं कशासाठी, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दुकानात जड, पैलू पाडलेलं क्रिस्टल. टिचकी मारली तर नाद बराच वेळ घुमला, आणि तुझे अप्पा आठवले. ओगलेवाडीच्या काचेच्या कारखान्यातून आल्यावर ते घरातल्या प्रत्येक पेल्याला टिचकी मारून बघायचे. हा नाद शिशाचा. लेड क्रिस्टलमध्ये चोवीस टक्क्यांच्या आसपास शिशाचं ऑक्साइड असतं. एका जेवणापुरतं बिघडत नाही म्हणतात, पण वाईन त्यात साठवून ठेवली तर शिसं उतरतं. आमच्याकडे उरलेलं कुणी टाकत नाही, हे तू जाणतोस. रद्द.

राहिलं तिसरं. साधं, पातळ, बोरोसिलिकेटचं, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेचं, दीड लिटरचं. बूड रुंद, मान हात जाईल एवढी नाही पण ब्रश जाईल एवढी. बाटलीतली ७५० मिली ओतली की वाईन बरोबर पोटाच्या रुंद भागापर्यंत येते, म्हणजे हवा जास्तीत जास्त लागते. जुन्या वाईनचा गाळ खाली ठेवून वरची नितळ तेवढी ओतायची, हे मोठ्यांचं काम. आपली नाशिकची शिराझ तरुण, तिला अर्धा-पाऊण तास हवा मिळाली की तोंडात तुरट ओढत नाही. काउंटरवरच पाणी भरून एका हाताने ओतून पाहिलं. शेवटचा थेंब मानेवरून ओघळला नाही. नलूच्या पांढऱ्या टेबलक्लॉथसाठी एवढी परीक्षा हवीच. काच गरम पाण्यालाही तडकत नाही. होस्टेलवरच्या प्रभाकर कंदिलाची असती तर बरं झालं असतं. तू आजही म्हणतोस मी तापलेल्या काचेवर पाणी उडवलं. तू ती तिरकी बसवली होतीस, हे माझं आजही म्हणणं आहे.

झालं की मग, असं तू म्हणशील. नाही ना! व्याही येणार, बसणार आणि शोधणार काय? लेबल. ज्या बाटलीवर बोट ठेवून माणूस “ही आपली” म्हणतो, ती मी न्हाणीघराशेजारच्या कपाटात दडवायची? पाहुण्याला हे कसं वाटेल? आणि बाटली कॅराफशेजारी मांडली, तर भांडं घेतलं कशाला? नलू म्हणते, “मग आईंना सांगून टाका.” तिला काय जातंय म्हणायला!

तुझ्या घरी अप्पांसमोर तू पहिला पेला भरलास तेव्हा काय बोललास ते मला कधी नीट सांगितलं नाहीस. आता सांग. मला तेच हवंय, भांडं मी निवडलंय.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? अन्याच्या नोकरीचं काय? छपराचे पत्रे बदललेस ना? कळव.

दुकानदाराने तिसरं भांडं शुक्रवारपर्यंत बाजूला ठेवलंय. फोन कर, पण दुपारी दोन ते चारच्या मध्ये, आई झोपलेली असते.

तुझा,
बंड्या

ता.क. रविवारी तूच ये. व्याह्यांना द्राक्षांचं बोलायला कुणी लागेल, आणि आईला तुझ्यावर रागवायला आवडतं.