काणकोणचे मूत्रपिंडाचे रुग्ण आणि फिती कापणारे नेते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गोव्यातल्या काणकोणात मूत्रपिंडाचे विकार वर्षानुवर्षे आढळतात, त्यातल्या अनेक रुग्णांना मधुमेह नसतो. नेते मात्र डायलिसिस यंत्रांच्या फिती कापण्यात धन्यता मानतात. यंत्र हा शेवटचा टप्पा आहे: आठवड्यातून तीन फेऱ्या, प्रत्येकी चार तास, दर फेरीला सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी. रोजंदारीवरच्या माणसाचा निम्मा आठवडा त्यातच जातो.

आधीचे काम स्वस्त आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचे रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकते ते टाकाऊ द्रव्य) वर्षातून एकदा आरोग्य उपकेंद्रातच तपासा. नुसत्या लघवीच्या पट्टीवर विसंबू नका; या विकारात प्रथिने सुरुवातीला फारशी उतरत नाहीत, पट्टी कोरी दिसते आणि रुग्ण 'नॉर्मल' म्हणून घरी जातो. क्रिएटिनिनवरून काढलेली मूत्रपिंडाची गाळणक्षमता तीन महिने मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली राहिली तर नाव नोंदवा, दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद करा. फिस्तुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग) पक्व व्हायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून ती शस्त्रक्रियाही डायलिसिसची वेळ येण्याआधीच हवी.

राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. आमच्या चाळीस आमदारांनी तसे विधेयक मांडावे आणि विकाराचे कारण पाण्यात आहे का हे कळावे म्हणून विहिरींच्या पाण्याचे अहवाल गाववार जाहीर करावेत. हे संतापूनच लिहीत आहोत.

आपले,
आरोग्य कार्यकर्ते, काणकोण