सोंगाड्याला सोवळं नेसवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तमाशातल्या पाचकळ विनोदाने मराठी रसिकांची अभिरुची बिघडवली, असा सूर अधूनमधून वाचकपत्रांत उमटतो. यात्रेतल्या कनातीत बसून तमाशा पाहणाऱ्याला तो पटणार नाही.

संस्कृत नाटकातला विदूषक जातीने ब्राह्मण, बोलायला मात्र प्राकृत, आणि जीव मोदकांत अडकलेला. राजाची थट्टा तो करतो, पण शेवटी त्याच्याच ताटाखालचं मांजर. (‘मृच्छकटिक’मधला मैत्रेय वेगळा. चारुदत्त कंगाल झाला तरी तो घर सोडत नाही.) आमचा तमाशातला विनोदवीर सोंगाड्या राजाच्या पंगतीला बसतच नाही. तमाशातल्या कृष्ण-गौळणींच्या प्रवेशात, म्हणजे गवळणीत, गौळणींची म्होरकी मावशी प्रत्यक्ष कृष्णाची हजेरी घेते. ‘गाढवाचं लग्न’ या वगातला (तमाशातल्या कथानाट्यातला) सावळ्या कुंभार आपल्या गाढवासाठी थेट राजकन्येला मागणी घालतो! तो सावळ्या गाजवणाऱ्या दादू इंदुरीकरांना १९७३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे दिल्लीला कळलं, आपल्याकडे अजून नाकं मुरडणं चालूच आहे.

हे विनोद कमरेखालचे असतात, कबूल. पण बावळटाचं सोंग आणि चावट बोली हीच सोंगाड्याची ढाल. सरपंच, फौजदार पुढे बसलेले असताना त्यांनाच टोला हाणायचा, तर ‘येड्याचं काय मनावर घ्यायचं’ अशी पळवाट लागतेच. सोंगाड्याच्या तोंडी शुद्ध, सोज्वळ भाषा घाला. तोच टोला उद्धटपणा ठरेल.

सगळंच जपावं असं नाही. गवळणीतल्या कृष्णाच्या सवंगड्याचं, पेंद्याचं, लंगडणं नि बोबडं बोलणं यावर आता हसू येऊ नये. वरच्याला ओढून खाली आणणं आणि आधीच खाली असलेल्याला लाथ घालणं, यातला फरक जाणता सोंगाड्या ओळखतो.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या बाळासाहेब खेर सरकारने अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदी घातली होती. पुढे ती उठली, पण प्रयोगाआधी संहिता तपासून घेण्याचा नियम राहिला. बतावणी, म्हणजे तमाशातले हजरजबाबी विनोदी संवाद, मात्र जागेवर सुचते: गाव कोणतं, पुढे कोण बसलंय, यंदा पाऊस झाला का, यावर. ती आधी लिहून कशी देणार? संहितेचा आग्रह वगापुरता ठेवावा आणि बतावणी त्यातून वगळावी, अशी संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाला आपल्या पत्रामार्फत विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली