आवाहन : क्लारा बार्टन मदतपेट्या मृगाआधी भरायच्या आहेत

सप्रेम नमस्कार,

मृग तोंडावर आला आणि मंडळाच्या बारापैकी सात पेट्या रिकाम्या आहेत. २०१९ च्या ऑगस्टात बेळगावकडच्या मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय या नद्या एकदमच फुगल्या, तेव्हा वडगावच्या विणकर बंधूंनी मागावरून उतरलेले कापड तसेच आणून दिले, शहापूरच्या दुकानदारांनी गोदामे उघडली, खानापूरकडच्या भगिनींनी रात्र रात्र भाकऱ्या बडवल्या. ते ऋण मंडळ विसरलेले नाही. मात्र पूर ओसरला की आठवणही ओसरते. गेल्या वर्षी घरोघर पत्रके वाटूनही फारसे कोणी फिरकले नाही, याचे वाईट वाटते.

पेट्यांना क्लारा बार्टन यांचे नाव दिले, ते त्यांच्या कामाच्या पद्धतीमुळे. त्या मूळच्या शिक्षिका, परिचारिकेचे रीतसर शिक्षण नव्हते. अमेरिकेतील यादवी युद्धात १८६२ साली अँटिएटमच्या रणांगणावर बँडेज संपून डॉक्टर मक्याची पाने जखमांना लावत होते. अशा वेळी बाई बँडेज आणि कंदील भरलेली गाडी घेऊन पोहोचल्या. सामान आधी जमवलेले होते, म्हणूनच ते वेळेवर पोहोचले. १८८१ मध्ये त्यांनी अमेरिकन रेडक्रॉस उभी केली. युद्ध नसतानाही आग, पूर, वादळात रेडक्रॉसने धावले पाहिजे, हा आग्रह त्यांचाच. १८८९ च्या जॉन्सटाउनच्या पुरात सदुसष्टाव्या वर्षी त्या पाच महिने तिथेच राहिल्या. १९०० साली गॅल्व्हेस्टनच्या वादळानंतर त्यांच्या लोकांनी शेतकऱ्यांना स्ट्रॉबेरीची रोपेसुद्धा वाटली, कारण अन्न एक दिवस पुरते, पीक पुन्हा उभे करते. आपल्या ऊसपट्ट्याला हे वेगळे सांगायला नको.

प्रत्येक पेटीत : १० सेंमी रुंदीची रोलर बँडेज २४, निर्जंतुक गॉज ५० तुकडे, ओआरएस १०० पाकिटे, रबरी हातमोजे, टॉर्च, सीलबंद ब्लीचिंग पावडर. (उघडी पावडर ओलाव्याने निकामी होते. विहिरीच्या १००० लिटरला अडीच ग्रॅम टाकून तासभर थांबायचे. आधी गाळ उपसावा, गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जाते. ओआरएसचे एक लिटरचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच, पेल्यात नव्हे.) जुने कपडे कृपया नकोत, ओले होऊन कुजतात व जागा अडवतात. औषधांची मुदत किमान वर्षभर असावी. वस्तू किंवा रोख मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी ६ ते ८, रविवारी सकाळीही. पावती अवश्य घ्यावी. शेवटची तारीख ५ जून.

आपला नम्र,
कार्यवाह